नाच्याचे लुगडे आणि घरची माणसे

आनंद यादवांची 'नटरंग' मी पदवीच्या वर्गाला शिकवतो. मोलमजुरी करणारा, अंगाने पैलवान असा गुणा तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो, फडाला नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो आणि शेवटी घराला परका होतो. कलावंताची शोकांतिका म्हणून आपण ही कादंबरी वाचतो आणि तिथेच थांबतो. मीही वर्गात तेच सांगत आलो. माझा बाप फडात नाच्या होता, हे मात्र मी कधी सांगितले नाही. ही माझी लबाडी आहे आणि तिची कबुली दिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला हक्क नाही.

'नटरंग'मध्ये वाचकाची सहानुभूती कशावर उभी आहे? गुणा मुळात मर्द गडी आहे, बायकोपोरांचा धनी आहे, बायकी चाल हे त्याने कलेसाठी घेतलेले सोंग आहे, यावर. म्हणजे आधी पुरुषत्वाचा दाखला, मग करुणा! पण ज्याच्याजवळ असा दाखला नाही, ज्याला लुगडे मनापासूनच हवे होते, त्याचे काय? त्याच्या बायकोचे, त्याच्या पोरांचे काय? या प्रश्नाशी कादंबरी येत नाही आणि आपली समीक्षाही तिला तो विचारत नाही.

गुडघे गेल्यावर माझ्या बापाने फड सोडला. त्यानंतरही एखाद्या दुपारी तो लुगडे नेसून, कुंकू लावून आरशापुढे गप्प बसे. तिथे प्रेक्षक नव्हते, सुपारी नव्हती. आई दार लोटून घ्यायची, त्याच्या निऱ्या सारख्या करून द्यायची. "नेसलं की त्येचा जीव निवतोय. कुणाचं काय जातंय?" एवढेच ती म्हणे. मी मात्र शाळेतला एकही मित्र त्या घरात आणला नाही. बाप गेला तेव्हा ते लुगडे त्याच्यासोबत द्यावे असे आई म्हणाली. कॉलेजातली माणसे येणार होती, म्हणून मी नाही म्हटले. अक्षरशत्रू बाईला जे कळले, ते घरातल्या पहिल्या पदवीधराला कळले नाही.

ही लाज माझ्या घरात कुठून आली? बालगंधर्वांनीही स्त्रीवेषच केला. पांढरपेशा घरांतील बायकांनी त्यांची नेसण उचलली, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगादिवशी त्यांची मुलगी वारली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. ती कलानिष्ठा ठरली. गुणाने घर मागे टाकले की ते खूळ ठरते. रवी जाधव या एकाच दिग्दर्शकाने २०१० मध्ये 'नटरंग' आणि २०११ मध्ये 'बालगंधर्व' हे चित्रपट केले. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. लुगडे तेच, एकाच्या वाट्याला शालू-शेल्याचे वैभव, दुसऱ्याच्या वाट्याला शिट्या आणि बलात्कार. गणपत पाटलांना तर पडद्यावरच्या नाच्याने घरापर्यंत गाठले. ते मुलाबाळांचे बाप होते, तरी हेटाळणी चुकली नाही. फडावर महार, मांग, कोल्हाटी नाचले. म्हणून फडातले बाईपण हलके, आणि संगीत रंगभूमीवरचे सोज्वळ! जातीची उतरंड पदरालाही चुकलेली नाही.

आता थोडे आपल्याविषयी. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला. त्यांचा नकार आमच्या बायकांना नाचवून होणाऱ्या कमाईला होता. आम्ही मात्र त्या नकाराचा अर्थ नाचणाऱ्या माणसाचाच नकार असा लावला. माणूस शिकला, नोकरीला लागला आणि त्याने पहिल्यांदा भिंतीवरून बापाचा फडातला फोटो काढला. मीही काढला. याला मी आता स्वाभिमान म्हणू शकत नाही.

आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने ठरवावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिला. माझ्या आईने तो निकाल आमच्या खोपटात कितीतरी आधी अमलात आणला होता. तिच्यासारख्या बाईला मराठी कादंबरीत जागा का मिळाली नाही, हा प्रश्न दलित समीक्षेने विचारला पाहिजे.

लुगडे माझ्या कपाटात आहे. येत्या जूनमध्ये 'नटरंग' शिकवण्याआधी मी वर्गात बापाचे नाव आणि त्याचे काम, दोन्ही सांगणार आहे.