पक्ष नाकारणारी नावे : व्हँकूव्हरमधील एक उदाहरण

कॅनडातील व्हँकूव्हर नगराच्या निवडणुका गेली सुमारे नऊ दशके ज्या संघटनांनी लढविल्या, त्यांच्या नावांत, ग्रीन पार्टीसारखा अपवाद वगळल्यास, 'पार्टी' हा शब्द सहसा आढळत नाही. हा निव्वळ योगायोग नव्हे. १९३६ मध्ये तेथे प्रभागपद्धती जाऊन संपूर्ण नगर हाच एक मतदारसंघ झाला. त्या निवडणुकीत समाजवादी सी.सी.एफ. पक्षाला यश मिळताच, त्याला रोखण्यासाठी १९३७ मध्ये 'नॉन-पार्टिझन असोसिएशन' स्थापन झाली.

या नावाचे मराठी भाषांतर करू गेल्यास अडचण उभी राहते, आणि ती अडचणच उद्बोधक आहे. 'अपक्ष' म्हणावे, तर तो शब्द एकट्या उमेदवाराचा. दहा जणांच्या संघटित यादीला तो लावता येत नाही. 'निष्पक्ष' म्हणावे, तर न्यायाधीशाचा गुण वादीलाच बहाल केल्यासारखे होते. 'पक्षातीत' हा तर दाव्यांतील सर्वांत मोठा दावा. इंग्रजी विशेषणात या तिन्ही छटा एकत्र नांदतात व ज्याला जी रुचेल ती त्याने घ्यावी, अशी सोय होते. 'पक्ष' म्हणजे मुळात पंख, बाजू. एका बाजूविरुद्ध उभा राहणारा समूह ही दुसरी बाजूच होय, हे मराठीत शब्दच सांगून जातो.

१९६८ मध्ये या असोसिएशनच्या उजवीकडील वर्चस्वाला आव्हान देणारी मध्यममार्गी संघटना निघाली : 'द इलेक्टर्स ॲक्शन मूव्हमेंट', म्हणजे 'टीम'. आदल्या वर्षी चायनाटाउनवर येऊ घातलेल्या द्रुतगती मार्गाला झालेला विरोध तिच्या पाठीशी होता. डावीकडे 'कमिटी ऑफ प्रोग्रेसिव्ह इलेक्टर्स' त्याच वर्षी जन्मली. 'टीम'मध्ये भूगोलाचे प्राध्यापक वॉल्टर हार्डविक, भारतात जन्मलेले नियोजनतज्ज्ञ सेट्टी पेंडाकुर अशी विद्यापीठीय मंडळी होती. १९७२ मध्ये तिचे आर्ट फिलिप्स महापौर झाले व सभागृहातील १० पैकी ८ जागा तिला मिळाल्या. फॉल्स क्रीकच्या दक्षिण काठावरील औद्योगिक जमिनीवर संमिश्र उत्पन्नगटांची वसाहत उभी राहिली आणि १९७५ मध्ये नगराच्या मालकीच्या जमिनींचा स्वतंत्र निधी स्थापन झाला. हे कार्य थोर होते, याविषयी दुमत नसावे.

परंतु नावाकडे पाहावे. त्यात कर्ता आहे, तो मतदार. क्रिया आहे, पण तिचे कर्म नाही. कोणती कृती, हे सांगितलेले नाही. आणि 'द' हे उपपद तर आद्याक्षर पुरविण्यापुरतेच आलेले दिसते. विरोधात असताना अशी अकर्मक रचना उपकारक ठरते, कारण भिन्न मतांचे लोक तिच्यात सामावतात. सत्ता हाती आल्यावर कर्म विचारले जाते. 'मध्यम' हा शब्दही सापेक्षच. 'येथे', 'तेथे' यांप्रमाणे तो बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. 'टीम'चेच महापौर जॅक व्होलरिच पुढे संघटनेपासून दूर झाले, तर तिचेच माजी सदस्य माइक हारकोर्ट १९८० मध्ये स्वतंत्रपणे महापौर झाले. एकाच मध्यबिंदूवरून माणसे परस्परविरुद्ध दिशांना गेली. याचा दोष व्यक्तींच्या चंचलतेला देणे सोपे आहे; तो त्या रचनेतच होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक.

२०२१ मध्ये हार्डविक यांच्या कन्या कॉलीन यांनी हेच आद्याक्षरी नाव पुन्हा उभे केले. २०२२ मध्ये त्या महापौरपदासाठी उभ्या राहून पराभूत झाल्या. नव्या नावाला मात्र 'राहण्यायोग्य व्हँकूव्हरसाठी' या अर्थाची पुस्ती जोडलेली आहे.