फोटोलाही मेथडॉलॉजी असते

पक्ष्याचा छान फोटो दिसला की आपण विचारतो, "लेन्स कोणती?" संशोधनाची तयारी करत असाल तर आधी दुसरा प्रश्न विचारा: हा फोटो मिळवला कसा?

निमित्त आहे सारा पिंक यांच्या 'डूइंग सेन्सरी एथ्नोग्राफी' (२००९) या पुस्तकाचं. फील्डवर्क म्हणजे नुसतं बघणं आणि मुलाखती घेणं नव्हे. आवाज, वास, स्पर्श यांतूनही आपल्याला जागा कळत असते, असं त्या मांडतात. आपल्या सायन्सवाल्यांना हे जरा हवेतलं वाटतं. मलाही वाटलं. म्हणून वारज्याच्या नागरी वनात करून पाहिलं.

५ जून २०२० ला केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा आदर्श म्हणून दाखवलं होतं ते हेच वन. इथे पक्ष्यांच्या २९ जाती असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

मी नियम साधा ठेवला. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेत. डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलं ते वहीत लिहायचं. पहिली नोंद काय असेल? हायवे. मग ट्रकचा हॉर्न. मग कुठे बुलबुल. घरी येऊन जुने फोटो पाहिले, तर सगळीकडे गर्द हिरवं, जणू ताम्हिणीत काढलेत. फोटो खोटे नव्हते, पण हायवे त्यांच्यातून गायब होता. ही किरकोळ गोष्ट नाही. लायडन शहरात जास्त गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, असं स्लॅबेकूर्न आणि पीट यांनी २००३ मध्ये दाखवलं. नुसत्या फोटोंवरून हे कळलंच नसतं.

इथपर्यंत पुस्तक कामाला येतं. पुढे मात्र ते अपुरं पडतं. त्यातला नैतिक विचार माणसांसोबत काम करण्याभोवती फिरतो. माणूस "नको" म्हणू शकतो. शिंपी पक्ष्याकडून संमतीपत्रावर सही कशी घेणार?

दोन वर्षांपूर्वी मी शिंप्याच्या घरट्याचा फोटो काढला होता, आड येणारं पान हाताने बाजूला धरून. सगळ्यांना तो फार आवडला. ऐकायची सवय लागल्यावर त्याच दिवशीचा व्हिडिओ पुन्हा लावला. "काय गोड गातोय" असं मला तेव्हा वाटलं होतं. ते गाणं नव्हतंच. जवळ आलेल्या धोक्याची हाक होती. पक्षी "नको"च म्हणत होता, मला ती भाषा येत नव्हती. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्याला उपद्रव देणंही येतं, हे तर मी त्यानंतर वाचलं.

म्हणून माझ्या मते इंद्रियांची पद्धत आणि नीती ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. कान तयार झाल्याशिवाय आपण त्रास देतोय हेच कळत नाही.

आता प्रत्येक फोटोसोबत मी चार गोष्टी लिहिते: अंतर किती होतं, काय ऐकू आलं, कशाला हात लावला आणि कधी थांबले. तुम्हीही लिहून बघा. शिंप्याचा तो फोटो मी माझ्या पोस्टरवरून काढला. त्याच्या तिसऱ्या रकान्यात "पान" लिहावं लागलं असतं.