बदकाचं पिल्लू आणि रामलिंगची माकडं

बदकांच्या तळ्यातल्या कुरूप पिल्लाचं गदिमांचं गाणं ऐकत आपण मोठे झालो. मूळ गोष्ट अँडरसनची, १८४३ची. आम्हाला तिच्यातलं एक खटकतं. पिल्लाला मान मिळतो तो राजहंस निघाल्यावर. बदकच निघालं असतं तर? म्हणजे गोष्ट बदकाची नाहीच, माणसांच्या मानापमानाची आहे.

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर. त्यांच्या 'सत्तांतर'मधली वानरं शेवटपर्यंत वानरंच राहतात. टोळी जिंकलेला नर आधीची पिल्लं मारतो, लेखक निवाडा देत नाही. पुस्तक मोठ्यांचं, हे खरं. पण येडशीच्या रामलिंगला माकडांना प्रसाद भरवणाऱ्या आपल्या पोरांसाठी (आपणही भरवतोच म्हणा!) असं काही शोधायला गेलो, की हाती पुन्हा टोपी घातलेलं माकडच येतं.