इंटरनेटवरची नवलाई आणि जात्यावरचा भीमराव

इंटरनेटवर काय काय गमतीचे सापडते याच्या गप्पा आमच्याकडची मुलेही मारतात. कुणाला जुनी नाणी सापडतात, कुणाला देशोदेशीच्या पक्ष्यांचे आवाज. या नवलाईला पांढरपेशा नाक मुरडणे मला मान्य नाही. ज्यांच्या आजोबांना अक्षर नाकारले गेले त्यांच्या नातवांच्या खिशात आज ग्रंथालय आले आहे. प्रश्न एवढाच, की तेथे आपण वाचक म्हणून शिरतो की बघे म्हणून.

किल्लारीचेच पाहा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या यादीत आपला भूकंप आहे. तीव्रता 6.2, तारीख मात्र 29 सप्टेंबर 1993, वेळ रात्री 10 वाजून 25 मिनिटे! गणपती विसर्जनानंतरची 30 तारखेची पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी, असे घरोघरी ऐकत वाढलेल्या पोराला ही सरळ चूक वाटते. ती चूक नाही. नोंद जागतिक प्रमाणवेळेची आहे आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालते.

बघ्याची गंमत येथे संपते. वाचकाने आणखी पुढे जावे. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनाचे कागदही इंटरनेटवरच आहेत. स्थलांतरित गावांत भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फुटांचे घर, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. माळवदाच्या जड दगडमातीच्या भिंतींनी माणसे मारली. पण नवे गाव आखताना मोजपट्टी जुन्या गावाचीच, म्हणजे सातबाऱ्याची राहिली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही त्यांचे घर किती फुटांचे, हे वेगळे सांगायला नको.

साहित्याच्या दृष्टीने मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक साठा. 2014 साली सुरू झालेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने, जात्यावरच्या ओव्या 2017 पासून लोकांपुढे ठेवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्‌व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जमवलेल्या या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. त्यांतल्या कित्येक आजही ऐकता येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायलेल्या, 1996 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या त्यांतच आहेत. त्यांत बाबासाहेब आहेत, रमाई आहे, बुद्ध आहे.

दलित साहित्याचा इतिहास आपण कोठून सांगतो? बाबूराव बागुलांच्या 1963 च्या कथासंग्रहापासून, 1972 च्या ‘गोलपिठा’पासून, फार तर जलसाकारांपासून. हा इतिहास बहुतांशी छापणाऱ्यांचा आहे, आणि म्हणून पुरुषांचा आहे. जी बाई शाळेची पायरी चढली नाही तिने पहाटे दळताना बाबासाहेबांना भावाच्या नात्यात बसवले. वरवर ही साधी भक्ती वाटेल. मला ती तशी वाटत नाही. ओवीत भाऊ म्हणजे माहेर, हक्काने बोलावण्याचे माणूस. परंपरेने तिला दिलेला साचा तिने मोडला नाही. त्यात कोण बसणार हे मात्र स्वतः ठरवले. हे निवडणे ही वाङ्मयीन कृतीच आहे. आपल्या समीक्षेने ‘लोकगीत’ म्हणून ती बाजूला ठेवली, कारण ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ हे शब्द तिच्यात उघड सापडत नव्हते.

संग्राहकांचे एक मोठेपण मानले पाहिजे. ओवीजवळ गाणारीचे नाव, गाव, तालुका, वय, जात नोंदलेली असते. ‘लोकपरंपरा’ या गोंडस शब्दाखाली बाईचे नाव पुसले गेलेले नाही. जातीचा रकाना वाचताना खटकतो, पण तो गाळला असता तर ‘नवबौद्ध’ बायांची ओवी ‘मराठी स्त्रीची ओवी’ होऊन सरसकट ढिगात गेली असती.

तक्रार आहे ती मांडणीची. प्रत्येक ओवीला विषयवार खुणेचा आकडा आहे. सीतेची ओवी एका फळीवर, भावाची दुसऱ्या, आंबेडकरांची तिसऱ्या. शोधणाऱ्याची सोय होते, हे खरे. पण जात्यावर बसलेली बाई फळ्या लावत नाही. सीतेच्या वनवासावरून स्वतःच्या सासरवासावर आणि तेथून भीमरायावर ती एका दमात जाऊ शकते. त्या जाण्यातच तिचा विचार असतो. विषयवार वाचले की हा जोड तुटतो. म्हणून यादी वाचून थांबू नये, आवाज ऐकावा.

विद्यापीठांच्या दलित साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत हे ध्वनिमुद्रण का लागू नये? तोवर औसा, उमरगा, लोहारा या तालुक्यांतल्या आपल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरातून सुरुवात करावी. पिठाच्या गिरणीने जाते कोपऱ्यात टाकले त्याला फार वर्षे झाली. दळलेल्या बाया आता थकल्या आहेत. मोबाइल प्रत्येकाकडे आहे. मुद्रण करताना गाण्याचा क्रम मोडू नये, आणि बाईचे नाव तिने सांगितले तसेच लिहावे.