अर्धशिशीचं खापर मानेवर

बिशान स्टेशनातून बाहेर पडून जंक्शन एटला वळसा घातला की थोड्या अंतरावर एचडीबी ब्लॉक लागतात. तळमजल्यावर कॉफीशॉप, केस कापणारे, दवाखाने, आणि अधूनमधून हाताने उपचार करणारे: तुई ना, पायांची रिफ्लेक्सॉलॉजी, फिजिओ, कायरोप्रॅक्टिक. सिंगापूरच्या बहुतेक वस्त्यांत हेच चित्र आहे. अर्धशिशी घेऊन अशा ठिकाणी गेलात तर एक वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच असते: ‘मूळ मानेत आहे.’ कधी मणका सरकलेला असतो, कधी नस दबलेली. चोळून घेतल्यावर बरं वाटतं, यावर माझं काहीच म्हणणं नाही. माझी हरकत आहे ती त्या चोळण्याबरोबर आपल्या गळ्यात मारल्या जाणाऱ्या गोष्टीला.

ही गोष्ट पटते, कारण मान खरंच दुखते. २०१० मध्ये ११३ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अमेरिकन अभ्यास आला. त्यात अर्धशिशीच्या झटक्यात मळमळीपेक्षा मानदुखीचंच प्रमाण जास्त निघालं. यामागचं शरीरशास्त्रही माहीत आहे. चेहऱ्या-डोक्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या भागातल्या नसा मेंदूच्या खोडाच्या तळाशी एकाच पेशीसमूहात येऊन मिळतात. त्यामुळे झटका डोक्यातला असला तरी दुखणं मानेत जाणवू शकतं, आणि बऱ्याच जणांना ते डोकं दुखायच्या काही तास आधीच जाणवतं. मान आधी आखडली म्हणून मानेने झटका आणला, असा अर्थ आपण लावतो. पण धूर आधी दिसला म्हणजे आग धुराने लावली असं होत नाही.

मग मानेवर उपचार केला तर काय होतं? याची सर्वात नीट तपासणी नॉर्वेत झाली. ती २०१७ मध्ये छापून आली. १०४ रुग्ण, तीन गट. एका गटाला कायरोप्रॅक्टिकचे खरे झटके दिले. दुसऱ्याला लुटुपुटूचे: पाठीच्या कण्याला हात न लावता खांद्याच्या फऱ्याच्या कडेला किंवा नितंबावर हलका दाब. तिसऱ्या गटाने आपली नेहमीची औषधं चालू ठेवली. पहिल्या दोन गटांच्या तीन महिन्यांत १२ बैठका झाल्या. खोटा उपचार मिळालेल्यांपैकीही ८० टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला खराच मिळतोय असं वाटत होतं. हाताच्या उपचारात इतकं बेमालूम सोंग वठवणं फार कठीण असतं, म्हणून हा प्रयोग महत्त्वाचा. तीन महिन्यांनी तिन्ही गटांत अर्धशिशीचे दिवस कमी झाले. पुढच्या वर्षभरात औषधवाला गट मूळ पदावर आला, पण खऱ्या आणि खोट्या दोन्ही गटांत सुधारणा टिकली. संशोधकांनी निष्कर्ष काढला की कायरोप्रॅक्टिकचा परिणाम बहुधा प्लासिबोचा आहे.

हा निकाल दोन्ही बाजूंनी आळशीपणे वाचला जातो. एक बाजू म्हणते, ‘प्लासिबो, म्हणजे थाप.’ दुसरी म्हणते, ‘बघा, वर्षभर फरक टिकला.’ माझ्या मते तो सांगतो ते असं: मणक्याला दिलेल्या झटक्याने वेगळं काही साधलं नाही. जे साधलं ते ठरलेल्या वेळी कुणीतरी लक्ष देण्याने, हात लावण्याने, बरं वाटेल या अपेक्षेने. त्यातही हात राखूनच बोलावं लागतं. तिसऱ्या गटाला आपल्याला नवीन काही मिळत नाही हे ठाऊक होतं, आणि दुखण्याची नोंद प्रत्येकाने स्वतःच केली होती. शिवाय आपण उपचाराला जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते आपसूकही थोडं उतरतं, आणि श्रेय मिळतं शेवटच्या हाताला.

ॲक्युपंक्चर म्हणजे चोळणं नव्हे, पण त्याचाही निकाल याच वळणाचा आहे. २००५ च्या जर्मन प्रयोगात ३०२ रुग्ण होते. योग्य बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांची डोकेदुखी निम्म्याने तरी कमी झाली, भलतीकडे वरवर टोचलेल्यांत ५३ टक्क्यांची, आणि नुसते थांबलेल्यांत १५ टक्क्यांची.

‘बरं वाटतंय ना, मग कारण काहीही सांगू देत,’ असं कुणी म्हणेल. पण या गोष्टीची किंमत पडते. पहिली किंमत धोक्याची. मान झटक्याने मोडताना मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं. झटक्यानेच घडतं का यावरही वाद आहे, कारण वाहिनी आधीच फाटलेला माणूस मानदुखी घेऊनच उपचाराला जातो. तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं की रुग्णाला या संबंधाची कल्पना आधी द्यावी. लुटुपुटूच्या दाबाइतकाच फायदा होणार असेल तर हा छोटा धोका तरी कशासाठी पत्करायचा? गावी गेल्यावर सलूनमध्ये चंपीच्या शेवटी जी कट्‌कन मान मोडतात, तिलाही हेच लागू. चंपी करून घ्या, मान मोडू देऊ नका.

दुसरी किंमत वेळेची. मणका सरकलाय असं मानलं की पुढचं पॅकेज ओघानेच येतं, आणि डॉक्टरकडे जाणं लांबतं. झटके कमी करणारी औषधं आज आहेत. प्रोप्रॅनोलॉल जुनंच आहे, आणि सीजीआरपी रोखणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली. वेदनाशामकांची भीती वाटून लोक हाताकडे वळतात, ती भीती मात्र खरी आहे. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. तेही डॉक्टरला सांगायलाच हवं.

पाटीवरच्या परवान्याने भुलू नका. सिंगापुरात ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची नोंदणी २००० च्या पारंपरिक चिनी वैद्यक कायद्याखाली होते, फिजिओंची २०११ च्या कायद्याखाली. कायरोप्रॅक्टरांना या दोन्हींत जागा नाही. मसाज केंद्राचा परवाना पोलीस देतात. तो जागा चालवण्याचा असतो, अर्धशिशी बरी करण्याचा नव्हे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्धावभेदक आहे, घरोघरी सुंठीचा लेप आहे, आजीचं तेल आहे. आजीने कधी मणका सरकल्याचं सांगितलं नाही, आणि १२ बैठकांचे पैसेही आगाऊ घेतले नाहीत. परदेशात एकट्या राहणाऱ्याला डोकं चेपून द्यायला घरात कुणी नसतं. ती सोय विकत घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं. तेव्हा एकेका बैठकीचे पैसे द्या. सुरुवातीआधी महिनाभर आणि नंतर तीन महिने डोकेदुखीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या फोनमध्ये लिहून ठेवा. आकडे हलले नाहीत तर पॅकेज वाढवू नका, ती नोंद डॉक्टरला दाखवा. आणि दुखणं क्षणात टोकाला गेलं, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, किंवा मान नव्यानेच दुखू लागून एक पापणी खाली आली, तर मसाजवाल्याकडे जाऊ नका. ९९५ ला फोन करा.