मण्यांची पोथी

पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयाजवळच्या भुयारी रेल्वे-स्थानकात १९९७ साली एक भित्तिचित्र बसविण्यात आले. इवल्या इवल्या २० लाख काचमण्यांचे! ते घडविले मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातील सांतोस दे ला तोर्रे या कलावंताने. तो विर्रारिका जमातीचा. बाहेरचे जग या लोकांना ‘उइचोल’ म्हणते. फळीवर मेण थापायचे आणि त्यात एकेक मणी दाबून बसवायचा, अशी ही चिकाटीची कला. चित्राच्या उद्घाटनाला मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष हजर होते. चित्रकर्त्याला मात्र आमंत्रणच नव्हते. पुढे ध्यानात आले, की चित्राचे तुकडेही चुकीच्या क्रमाने जोडले गेले आहेत.

निकोलास एचेवारिया यांचा ‘एको दे ला मोंतान्या’ म्हणजे ‘डोंगराचा प्रतिध्वनी’ हा माहितीपट (२०१४) याच सांतोसविषयी आहे. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने ही उपेक्षेची कहाणी करुणरसात बुडवून काढली असती. एचेवारिया तसे करीत नाहीत. ते सांतोसच्या मागोमाग चालू लागतात. त्याला नवे भित्तिचित्र करावयाचे आहे; पण त्याआधी देवांची अनुज्ञा हवी, आणि त्यासाठी पूर्वेकडील विरिकुटाच्या उजाड मुलखाची यात्रा केली पाहिजे.

या लोकांच्या लेखी अग्नी हा आजोबा, सूर्य हा पिता, हरीण हा थोरला भाऊ, तर पाणी देणारे झरे या आया. हा कवितेतला अलंकार नव्हे. हे नाते आहे, आणि नाते म्हटले की देणेघेणे आलेच. म्हणून वाटेत ठिकठिकाणी ते बाण, मेणबत्त्या, भोपळ्याच्या वाट्या अर्पण करतात. हे पाहिल्यावर पॅरिसमधल्या चुकीचे गांभीर्य उमगते. आपल्याला जी सुरेख नक्षी वाटते, ती त्यांची पोथी आहे. आणि पोथीची पाने उलटसुलट शिवली, तर ती वाचायची कशी?

एक शंका मात्र मनात राहतेच. यात्रेतील विधी कॅमेऱ्याने टिपले, म्हणजे आपणही आगंतुकच ठरलो! परंतु दिग्दर्शक पाहुण्याच्या अदबीने वागतो, हे मान्य केले पाहिजे.

विरिकुटाच्या भूमीत चांदीच्या खाणींसाठी परवाने दिले गेले होते. त्यांविरुद्ध विर्रारिका न्यायालयापर्यंत लढले. २०२५ साली युनेस्कोने ५०० किलोमीटरहून लांब असलेला हा यात्रामार्ग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. हा सन्मान योग्यच आहे. पण चित्र जपणे सोपे, वाट जपणे कठीण. डोंगर पोखरले आणि झरे आटले, तर चित्रातले मणी सगळे जागच्या जागी राहतील. वाचणारा मात्र कोणी उरणार नाही. सणाच्या दिवसांत घरच्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा आणि मग त्यावर बोलावे, असा हा चित्रपट आहे.