माहीमच्या खाडीशी थांबलेला कॅमेरा

मुंबईच्या छायाचित्रणाचा इतिहास मोठा, भूगोल मात्र चिमुकला. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी मराठी माणसं सुरुवातीपासून या कलेत होती. तरी आज ‘मुंबईचा फोटो’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती माहीमच्या खाडीअलीकडची मुंबई. उत्तर टोकाचं दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत आलं. फोटोंच्या पुस्तकांत ते अजून यायचं आहे.

हा दोष प्रतिभेचा नाही. रघुबीर सिंह यांचं १९९४ चं मुंबईवरचं पुस्तक घ्या. दुकानांच्या काचा, आरसे, त्यांत उमटलेली माणसं अशी एकेक चौकट काठोकाठ भरलेली. त्यांच्या रंगांना तोड नाही, पण त्या नजरेला गर्दी लागते. सूनी तारापोरवाला आणि केतकी शेठ यांचं कृष्णधवल काम माणसाजवळ जातं. शहर मागे पडद्यासारखं उभं राहतं. दुपारी तीन वाजता दहिसरच्या सोसायट्यांमधल्या रस्त्यावर गर्दीही नसते आणि नाट्यही. तिथे ही दोन्ही हत्यारं बोथट होतात.

गोपाळ बोधे यांनी आकाशातून पाहिलं. नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून त्यांनी किल्ले, दीपगृहं आणि मुंबई टिपली. आकाशातून पाहायची गोडी मराठी वाचकाला लागली ती अशा फोटोंमुळे, आणि पुढे उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’मुळे. दहिसरची ठेवण वरूनच नीट कळते, हे मान्य करायला हवं. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान, पश्चिमेला तिवरं आणि मनोरीची खाडी, मध्ये वस्तीचा पट्टा आणि तुळशी तलावाकडून निघून जेमतेम बारा किलोमीटर वाहणारी नदी. मात्र इतक्या उंचीवरून घरं दिसतात, राहणं दिसत नाही.

ड्रोन आल्यावर ही उंची स्वस्त झाली. जॉनी मिलर यांनी मुंबईतली विषमता एका रेषेवर आणून दाखवली, तेव्हा ते पाहून खरोखर दचकायला झालं. आता निळी ताडपत्री आणि शेजारी टॉवर हा साचा झाला आहे. दहिसरमध्ये तशी रेष आखता येत नाही: गावठाण, बैठी चाळ, तीन मजली सोसायटी, नवा टॉवर हे सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. हौशी मंडळी मग मंडपेश्वरची लेणी टिपून घरी जातात. लेणी सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण दहिसर म्हणजे लेणी नव्हे.

१९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे प्रदर्शन भरलं. रॉबर्ट ॲडम्स, लुईस बाल्ट्झ यांनी उपनगरांतली एकसारखी घरं आणि गोदामं कोरड्या, सपाट नजरेनं दाखवली. त्यांची नक्कल इथे चालणार नाही. आपल्या भिंती कोऱ्या राहतच नाहीत. त्यांवर ग्रिल येतं, पत्र्याची शेड येते, एसी येतो, वाळत घातलेले कपडे येतात. मात्र त्यांची चिकाटी घेण्याजोगी आहे. ती आपल्याकडे चिरोदीप चौधुरी यांच्यात दिसते. मुंबईतली सार्वजनिक घड्याळं ते १९९६ पासून नोंदवत आले, लोकलमधले सहप्रवासीही त्यांनी टिपले. एकच गोष्ट पुन्हापुन्हा, शांतपणे पाहणं ही त्यांची रीत, आणि उपनगराला मानवणारी माझ्या मते हीच.

पाहायला जागाही आता मिळाली आहे. एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो दहिसरहून धावू लागली आणि रस्ता व आकाश यांच्या मधली एक पातळी डोळ्यांना खुली झाली. डब्यातून समोर येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्या, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, गळती थांबवायला टाकलेले पत्रे. ना बोधे यांची उंची, ना तारापोरवालांची जवळीक. या पातळीवरून सलग, जाणतेपणानं केलेलं काम माझ्या पाहण्यात नाही. दिसतात ते संध्याकाळच्या निळ्या उजेडात मेट्रोच्या दिव्यांच्या ओढलेल्या रेघा. त्या तर शांघायमध्येही मिळतील!

घाई करायला कारण आहे. विमानतळ प्राधिकरणाच्या केंद्रामुळे दहिसरच्या बऱ्याच भागात इमारतींच्या उंचीला लगाम बसला. तो सुटला की पुनर्विकासाला वेळ लागणार नाही. जुन्या सोसायटीला पत्रे ठोकले जातात, त्याआधी तिचा धड एक फोटोही कुणी काढून ठेवत नाही. त्या पत्र्यांवर झळकणारं चित्र बिल्डरचं असतं आणि त्यासाठी कॅमेरा लागलेलाच नसतो. इमारत, झाडं आणि हसरं कुटुंब, सगळं संगणकावर काढलेलं.